नळ वाजता ठेवायचा

१

मे महिन्यात पहिली कडक थंडी पडली की आमच्याकडे झोपण्याआधी एक काम करायचं असतं. स्वयंपाकघरातला नळ पुरता बंद करायचा नाही, सुतळीएवढी धार सोडून ठेवायची. वाहतं पाणी गोठत नाही. थांबलेलं गोठतं, मग नळी फुटते आणि सप्टेंबरपर्यंत बर्फ वितळवत बसायची वेळ येते. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, जिथे मे महिन्यात हिवाळा लागतो, त्या तिएरा देल फ्वेगो बेटावरच्या पोरांना हे चालायच्या आधी कळतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूनं मला दोनच गोष्टी बजावल्या होत्या, हिवाळ्यात नळ वाजता ठेवायचा आणि नवऱ्याला गप्प बसू द्यायचं नाही. दोन्ही मी आजवर पाळल्या आहेत. फक्त एका हिवाळ्यात नळ बंद केला, त्याचीच ही गोष्ट.

ही गोष्ट मी जिंकलेल्या बाईच्या तोरात सांगणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. ज्याला रडगाणं हवं असेल त्यानं दुसरं घर बघावं.

त्या सकाळी मला जाग आली ती आवाज नाही म्हणून. बेसिनच्या पत्र्यावर धार वाजत नव्हती. नळी गोठली असणार असं वाटलं आणि मी अंथरुणातूनच नोल्बेर्तोला शिव्या घातल्या. नोल्बेर्तो माझा धाकटा दीर, मागच्या खोलीत राहतो, आणि नळीला लोकर गुंडाळायचं काम त्याचं.

नळी गोठली नव्हती. नळाच्या तोंडात चिखल भरलेला होता. नुसता चिखल नाही, चावून मऊ केलेल्या काटक्या त्यात कालवल्या होत्या, आणि वरून गवंड्यानं थापी फिरवावी तसा तो गुळगुळीत केला होता. मी काट्यानं तो उकरून काढला. पाणी दोनदा फुरफुरलं आणि वाहायला लागलं. दार आतून बंद होतं, कडी जिथल्या तिथे.

बाउतिस्ताला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं तर तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, आणि खोकल्याखाली छातीतली ती घुरघुर ऐकू आली. उन्हाळ्यापासून त्याचं हृदय दमलं होतं. फुप्फुसात पाणी साचत होतं, पाय दुधीभोपळ्यासारखे सुजले होते. पोर्वेनिर गावच्या डॉक्टरनं पाणी उतरवायच्या गोळ्या दिल्या होत्या, पण पाणी काही उतरत नव्हतं. सामुद्रधुनी ओलांडून मोठ्या इस्पितळात चल म्हटलं की म्हणायचा, माझ्या मेंढ्यांना न विचारता मी कुठे जात नाही. गंमत करायचा, पण रात्र बसून काढायचा. मला भीती होती ती एकच, की हा हिवाळा तो पार करणार नाही.

२

बीव्हर, झाडं कुरतडून नदीवर धरण बांधणारा तो चपट्या शेपटीचा प्राणी, काही आमचा नाही. माझ्या वडिलांच्या लहानपणी सीमेपलीकडे कुणाला तरी कातडीच्या धंद्याची हौस आली, त्यांनी कॅनडातून थोडे आणून सोडले. धंदा बुडाला, बीव्हर राहिले. सीमा त्यांना कोण दाखवणार? कॅनडातली झाडं म्हणे बीव्हरनं कापली तरी बुंध्यातून पुन्हा फुटतात. आमच्या लेंगाच्या झाडाला ती विद्या येत नाही. तोडला की मेला, पाण्यात उभा राहिला तरी मेला. आमच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांनी धरण बांधलं, आणि आमचं सगळ्यात चांगलं कुरण, मेंढ्या हिवाळ्यात जिथे चरून जगतात ते, हळूहळू पाण्याखाली गेलं. जंगलाचे नुसते करडे खांब उरले. लाल डोक्याचा काळा सुतारपक्षी दोनदा टोचतो, टक-टक, आणि मग दम खातो. तो गेला. त्याच्यामागोमाग बदकं आणि हंसही गेले.

नोल्बेर्तो बीव्हर धरायचं काम करतो. त्याची पद्धत सोपी आहे. धरणाला भगदाड पाडायचं आणि जिथून पाणी वाहतं तिथेच सापळा लावायचा. वाहत्या पाण्याचा आवाज बीव्हरला सोसत नाही. पाणी दिसावंही लागत नाही, नुसतं ऐकू आलं की तो माती घेऊन धावतो. त्याच उन्हाळ्यात नोल्बेर्तोनं शेवटची म्हातारी मादी धरली, तिचं कातडं मेंढ्या कातरायच्या शेडवर ताणून लावलं, आणि आम्ही अख्खं कोकरू भाजून खाल्लं. त्यानंतर खोऱ्यात ना बुंध्यावर ताजा दात उमटलेला दिसला, ना चिखलात पाऊल.

नळाचं सांगितलं तेव्हा मला वाटलं नोल्बेर्तो माझी टर उडवेल. त्यानं घासायला घेतलेला बूट खाली ठेवला.

“वहिनी, हसायचं तर आत्ताच हसून घ्या,” तो म्हणाला. “पाणी उतरावं म्हणून मी धरणाला भगदाड पाडतो. सकाळी ते बुजलेलं असतं. तीनदा झालं.”

“कुठून आला असेल एखादा नवा.”

“सापळा तिथेच असतो ना. सापळ्याला हात लागत नाही. त्याच्याभोवतीनं बुजवलेलं असतं, नीटनेटकं.”

मी हसले नाही.

३

आमच्या मुलखातल्या माणसानं जे केलं असतं तेच मी केलं. थंडी वाढत होती आणि नळ वाजत नव्हता, म्हणून मी धार मोठी केली. ती बुजली, मी आणखी मोठी केली. आता वाटतं, मी त्याला जेवायचं ताट वाढत होते.

मग किटलीची चोच बुजली. मग पन्हाळीचं तोंड. माटे, म्हणजे कडू पाल्याचा काढा, प्यायचा भोपळा आम्ही चुलीशेजारी ठेवतो, त्यातला काढा संपत आला की ओढायच्या नळीतून खळखळ आवाज येतो, आणि बाउतिस्ता तो आवाज मुद्दाम काढायचा. एका सकाळी भोपळा काठोकाठ चिखलानं भरलेला निघाला. वरून बोटानं गोल फिरवून गुळगुळीत केलेला.

मी काही भुताखेताला मानणारी बाई नाही. घरात माणसं तीन, तेव्हा करणारं या तिघांतलंच कुणीतरी. मी झोपलेल्या बाउतिस्ताची नखं तपासली, स्वच्छ होती. स्वतःची तपासली, कणीक होती. नोल्बेर्तोच्या नखांत कायमच चिखल असतो, त्यावरून काय ठरवणार? म्हणून निजताना मी चुलीतली राख स्वयंपाकघरभर पसरली. जो कुणी येईल त्याचे पाय उमटतील.

सकाळी पाय उमटले नव्हते. राख दारापासून नळापर्यंत सारवली होती, एखादीनं अंगण सारवावं तशी, सपाट आणि ओली. मधूनमधून रुंद फटकारा मारल्याची खूण होती. तिथे उभी राहून मी पहिल्यांदा घाबरले. चोर सारवत नाही. सारवतं ते घराला आपलं समजणारं.

४

मग मला राग आला. भीतीपेक्षा मला रागच बरा जमतो. मी संध्याकाळी नळ करकचून बंद केला, किटली रिकामी करून उलटी ठेवली, पिंप सांडून टाकलं. नळी फुटायची तर फुटू दे. या घरात वाजणारं पाणीच नको, मग बघू काय बुजवतंय ते.

घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. लाकडं विझत आली होती. पांघरूण ओढलं आणि तेव्हा शेजारी ऐकू आलं. घुर्र, घुर्र. दर श्वासाला एक बुडबुडा. बाउतिस्ताच्या छातीतलं पाणी.

मला तिथल्या तिथे उठून नळ सोडायला हवा होता. पण मन सावध झालं तरी अक्कल आडवी येते. मी स्वतःशी म्हटलं, लास्तेनिया, तू दमली आहेस, झोप. आणि झोपले.

उजाडताना घुरघुर ऐकू येत नव्हती म्हणून मी वळले. बाउतिस्ताच्या ओठांवर चिखल थापलेला होता. ओठ जुळवून, कडा दाबून, वरून हात फिरवून. दातांमध्ये लेंगाची एक कोवळी काडी आडवी होती. तो नाकानं श्वास घेत होता, पण एका नाकपुडीलाही माती लागली होती. काम चालू होतं आणि उजाडलं म्हणून अर्धं राहिलं होतं, इतकंच.

मी बोटं घालून ते सगळं ओढून काढलं, त्याला उठवून बसवलं, पाठीत धपाटे घातले. तो थुंकला आणि खोकला.

“लास्ते, कुणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवला होता,” तो म्हणाला. “गार होता. पण मायेनं ठेवला होता.”

त्या ‘मायेनं’ शब्दानं माझ्या अंगावर जे शहारे आले ते अजून गेलेले नाहीत. मी उठून घरातले सगळे नळ पूर्ण सोडले.

५

नोल्बेर्तोला घेऊन मी धरणावर गेले. वर्षभरात तिकडे फिरकले नव्हते. लांबच लांब, माणसाहून उंच, आणि त्याच्यामागे पाणी आरशासारखं. मी कान लावला. कुठल्याही धरणातून थोडं झिरपतं, कुठेतरी टपटपतं. इथे एक थेंब वाजत नव्हता. खोऱ्याच्या तोंडापासून घरापर्यंत नदी मुकी होती.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. ते आमच्या जिवावर उठलेलं नव्हतं. त्याला आम्ही माहीतच नव्हतो. खोऱ्यात वाजणारं पाणी फक्त आमच्या घरात उरलं होतं, म्हणून ते आमच्याकडे येत होतं.

“मग धरण फोडू,” नोल्बेर्तो म्हणाला. “धरणाच्या बुडातला मोठा ओंडका साखळीनं गाडीला बांधून ओढला तर अख्खं बसेल. पण साखळी गुंडाळायला तास जातो वहिनी, आणि खोदायला लागलं की पाणी वाजतं. ते आलं तर?”

“तुझं भगदाड बुजलं त्या रात्री माझ्या नळाला काही झालं नव्हतं,” मी म्हटलं. “एका वेळी ते एकाच जागी असतं. त्याला असं काम देऊ की संपायचंच नाही. ज्याला भोकच नाही ते बुजवणार कसं?”

बाउतिस्ताकडे एक जुना टेपरेकॉर्डर आहे. त्यावर तो आपली अकॉर्डियनची गाणी भरायचा, आणि ती पाहुण्यांना जबरदस्तीनं ऐकवायचा. मी त्याला उशांना टेकवून बसवलं, रेकॉर्डर त्याच्या छातीशी धरला आणि सांगितलं, श्वास घे.

“माझी घुरघुर विकायला काढतेस की काय?”

“तुझ्या गाण्यांपेक्षा बरी खपेल,” मी म्हटलं. तो हसला, खोकला, आणि ते सगळं फितीत गेलं.

६

संध्याकाळी बाउतिस्ताला पांघरुणात गुंडाळून गाडीत बसवलं. इंजिन चालू ठेवायचं ठरलं, म्हणजे त्याची छाती कुणाला ऐकू येणार नाही. दोघे भाऊ धरणाकडे गेले. मी घरातले सगळे नळ बंद केले आणि खालच्या अंगाला, उंचवट्यावरच्या कातरणीच्या शेडमध्ये गेले. रेकॉर्डर मधोमध ठेवून चालू केला, आवाज पूर्ण. धरणाच्या बाजूच्या खिडकीत पेटता कंदील ठेवून त्यावर पोतं टाकलं. ते आलं की मी पोतं काढणार, उजेड दिसला की नोल्बेर्तो खोदायला लागणार. मी लोकर दाबायच्या यंत्रामागे बसले.

घुर्र, घुर्र. रिकाम्या शेडमध्ये माझा नवरा श्वास घेत होता. बाहेर अजून जांभळा उजेड होता. मेंढ्या कुंपणाच्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या आणि त्यांतली एकही ओरडत नव्हती.

मग दारातला उजेड गेला.

मी काय पाहिलं ते सांगते, जास्त सांगणार नाही. ओली पाठ पाहिली, तिला दाराची चौकट पुरत नव्हती. पुढे दोन हात होते, एवढ्या मोठ्या पाठीला शोभणार नाहीत इतके लहान, लेकराचे असतात तेवढे. त्या हातांनी त्यानं रेकॉर्डरवर चिखल ठेवला आणि थोपटलं. पुन्हा ठेवला, पुन्हा थोपटलं. आणि ते बारीक आवाजात गुणगुणत होतं, आपण रडणाऱ्या पोराला गप्प करताना करतो तसं. तोंड माझ्याकडे नव्हतं. त्याबद्दल मी देवाची आभारी आहे.

मी पोतं ओढलं.

चिखल चढत गेला, घुरघुर दबत गेली, पण थांबली नाही. ते आणखी आणायचं, आणखी थोपटायचं. अंधारायला आलं तेव्हा वरून पहिला आवाज आला, लांबचा, नळ सोडल्यासारखा. साखळीसाठी खोदलेल्या जागेतून पाणी निघालं होतं.

गुणगुणणं थांबलं. शेडच्या लाकडी जमिनीवर एक फटका बसला, असा की कात्र्या खिळ्यांवरून खाली पडल्या. ते धरणाकडे वळलं. तिथे बाउतिस्ता होता.

रेकॉर्डर चिखलात बुडाला होता, त्याचा आवाज आता पुरत नव्हता. मी विचार केला नाही. उन्हाळ्यापासून मी रोज ज्या आवाजाशेजारी झोपत होते तो मला पाठ होता. मी मान मागे टाकली, घशात थुंकी गोळा केली आणि श्वास घेतला. घुर्र. घुर्र.

ते परत वळलं.

माझ्या तोंडावर गार हात आला. बाउतिस्ता खोटं बोलला नव्हता, त्यात माया होती. ओठांवर माती आली, जिभेवर आली, आणि ते माझ्या गालाशी गुणगुणत होतं. मला गप्प व्हावंसं वाटलं, खरंच वाटलं. पण सासूचे शब्द डोक्यात होते, आणि मी ज्या नवऱ्याला आयुष्यभर गप्प बसू दिलं नाही त्याच्यासाठी मी चिखलातून घुरघुरत राहिले.

आणि धरण बसलं.

आधी जमीन हादरली, मग आवाज आला. पंचवीस-तीस वर्षांचं कोंडलेलं पाणी एकदम खोऱ्यात उतरलं, शेडच्या उंचवट्याखालून दोन्ही अंगांनी गरजत गेलं. तोंडावरचा हात थबकला. ते एकदा डावीकडे वळलं, एकदा उजवीकडे. कुठलं भोक बुजवणार? अख्खं खोरंच वाजत होतं. गुणगुणणं वर चढलं, मोडलं, आणि मग दारात पुन्हा उरलासुरला जांभळा उजेड होता.

मी तोंडातली माती थुंकले आणि अंधारात एकटीच हसत सुटले.

७

गाडी परतायला बराच वेळ लागला. मला वाटलं अपघात झाला. अपघात नव्हता. धरण फुटल्यापासून बाउतिस्ता दर कुंपणाशी गाडी थांबवून लघवीला उतरत होता. घरी आल्यावरही तेच. सकाळपर्यंत त्यानं आम्हा कुणाला झोपू दिलं नाही, आणि दर वेळी तो आतून विजयी आरोळी ठोकत होता. आठवड्यात पायांवरची सूज उतरली, घोटे दिसायला लागले. कामेरॉन गावची नर्स म्हणाली, गोळ्या अखेर लागू पडल्या. मी म्हटलं, हो, पडल्या.

वसंतात कुरणाचा चिखल हिरवा झाला. मेंढ्या वाचल्या, जवळजवळ सगळ्या. हंस जोडीनं आले आणि मालकासारखे फिरायला लागले. करडे खांब काही जिवंत होणार नाहीत, पण काठाकाठानं गुडघ्याएवढी लेंगाची रोपं उगवली आहेत, आणि ऑक्टोबरात एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा वरच्या जंगलातून ऐकू आलं, टक-टक. मी ओला शर्ट खांद्यावर टाकून तिथेच रडले. नोल्बेर्तोनं पाहिलं, आणि चक्क उरलेले कपडे स्वतः वाळत घातले.

रेकॉर्डर आम्ही उकरला नाही. शेडमधला तो ढीग वाळून दगड झाला आहे. यंदा मला तो जरा उंच वाटतो. नोल्बेर्तो म्हणतो, ओलीनं लाकूड फुगतं. म्हणू दे. बॅटरी केव्हाच संपली असणार, म्हणून मी कधी त्याला कान लावलेला नाही.

आणि कान लावला तरी ऐकू येणार नाही. नदी आता घराखालून इतकी गरजत जाते की आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. येणारे-जाणारे समजतात, म्हातारा-म्हातारी भांडतात. कालच पुन्हा पहिली थंडी पडली. मी हात पुसत होते तेव्हा बाउतिस्ता पलंगावरून ओरडला, चांगला छातीतून, “लास्ते, नळ चालू आहे ना?”

“चालू आहे,” मी ओरडले. “झोप आता.”